किणकिणबाईला संदर्भ हवा

१२ नोव्हेंबर

किण्.

बस, एवढाच. पाटली टेबलाच्या फळीला टेकल्याचा आवाज. पहाटे त्यानेच जाग आली. उठलो नाही. डोळे मिटून वाट पाहिली, कारण त्या किणनंतर नेहमी ती बोलायची. "नमस्कार मंडळी. पाडावाणी केंद्र. दुपारचा एक वाजलाय, जेवलात का?" शब्द सगळे जागच्या जागी आहेत. 'मंडळी'नंतर ती किंचित थांबायची, तो यतीसुद्धा आहे. पण मनात म्हणून बघतो तर ते माझ्याच आवाजात ऐकू येतं. मास्तरी, खणखणीत.

सुमनला जाऊन पाच वर्षं. चेहरा आहे, भिंतीवरही आहे. आवाज नेमका कधी गेला कळलं नाही.

फळीवरच्या डबीतून पाटली काढली. टेबलावर टेकवून पाहिली. तो आवाज नाही. आत हात हवा.

१४ नोव्हें.

डहाणूला प्रकाशकडे. स्टेशनबाहेर त्याचं मोबाइल दुरुस्तीचं नि झेरॉक्सचं दुकान. माझा सातवीतला विद्यार्थी, आता केस माझ्याहून पांढरे. मला पाहून काउंटरपलीकडे उठून उभा राहिला. "सर, ती कविता अजून पाठ नाही झाली. आधीच सांगून ठेवतो."

जाहिरात लिहून नेली होती. इथेही उतरवून ठेवतो:

"पाडावाणी ऐकत होतात का? तळासरीजवळच्या आश्रमशाळेमागच्या खोलीतून सात वर्षे चाललेल्या आपल्या छोट्या रेडिओ केंद्राचा इतिहास इंटरनेटवरील मुक्त ज्ञानकोशात लिहिण्यासाठी स्वयंसेवक हवेत. आठवणी, फोटो, ध्वनिमुद्रणे असल्यास आणावीत. वयाची अट नाही. मानधन नाही. चहा मिळेल."

प्र. म्हणाला, "सर, 'चहा मिळेल' मोठ्या अक्षरात टाकतो. आले तर त्याच्यावरच येतील." टंकलेखन नि इंटरनेटचं सगळं तो बघणार. पहिला स्वयंसेवक मिळाला म्हणायचा.

त्याला खरं कारण सांगितलं नाही. केंद्राचा इतिहास लिहिला जावा हे खरंच, पण माझा लोभ वेगळा. सुमन सहा वर्षं रोज दुपारी त्या केंद्रावरून बोलली. भाव, हवापाणी, लसीकरणाचे दिवस, शेवटी शाळेच्या जुन्या पुस्तकातली एक कविता. कुठेतरी, कोणाच्या जुन्या मोबाइलात, पत्र्याच्या पेटीत, एखादा कार्यक्रम उरला असेल. एक मिनिट पुरे.

१५ नोव्हें.

'जतन'ची सीडी पुन्हा लावली. केंद्र बंद झालं तेव्हा मिळालेली एवढीच एक. बावीस कार्यक्रम. एका साहेबांचं भाषण, तारपा वाजवणारे आजोबा, कृषी अधिकारी, चिकूवरची कीड. नि अकरा वेळा मी. 'काव्यास्वाद'. यमक म्हणजे काय, यती म्हणजे काय. किती बोलायचो.

सु. एकदाही नाही.

सीडी नटुभाईने बनवली होती. घोलवडचा रेडिओ दुरुस्तीवाला, केंद्राची यंत्रं तोच सांभाळायचा. संगणक लहान, जागा भरली की जुनं पुसायचा. सु.च्या तेराव्याला आला होता. लोकांना तिचा आवाज ऐकवू म्हणून मी कार्यक्रम मागितले. म्हणाला, "नाहीत मास्तर. पुसले. पण..." भरल्या मांडवात मी ओरडलो, तू तिला दुसऱ्यांदा मारलंस. तो जेवणाच्या पंगतीतून उठला, एक चप्पल घातली, दुसरी हातात घेऊन फाटकाबाहेर गेला. त्यानंतर बोलणं नाही.

त्याला माफ करावं असं कधीकधी वाटतं. मग सीडी लावतो नि वाटेनासं होतं.

२० नोव्हें.

वाचनालयात स्वयंसेवकांची सभा. खुर्च्या तीस. माणसं तीन: प्र., पेन्शनच्या फॉर्मची चौकशी करायला आलेले एक गृहस्थ (चहा घेऊन गेले), नि खाकी गणवेशातली एक बाई.

"तुमचा कागद कोणीतरी माझ्या गाडीत चिकटवलाय. बिनपरवानगी."

मला वाटलं दंड करायला आली. हात जोडले. तर हसायला लागली. "बसा हो गुरुजी. मी स्वयंसेवक."

नाव वैशाली. डहाणू-तळासरी एस.टी.ची कंडक्टर, चाळिशीची. दुपारी एकला नेहमी गाडीवर, म्हणून तिने स्वतः कधी ऐकलं नाही. "सासू ऐकायची. ती गेली, तिचा रेडिओ आहे अजून खुंटीला. ती कोणाला ऐकत होती ते तरी कळू दे म्हटलं." मग म्हणाली, "तुम्ही सभा कशाला घेता? ज्यांना विचारायचं ते सगळे माझ्याच गाडीत चढतात. तिकिटाबरोबर एक प्रश्न विचारीन. गाडी चालू असताना कोण उतरून जातंय?"

तीस वर्षं वर्ग सांभाळले, ही युक्ती सुचली नव्हती.

मी तिला एकच प्रश्न लिहून दिला: 'पाडावाणीच्या सुमनताई आठवतात का?'

२ डिसेंबर

वै. आज दुकानात येऊन उत्तरं देऊन गेली. तिकीट यंत्राच्या कागदाच्या लांबच लांब पट्टीवर मागच्या बाजूने पेन्सिलीने लिहिलेली. वाचताना हात थकले.

चिकूचे भाव आठवतात. तारपेवाले आजोबा आठवतात. एका पाड्यावर विहिरीत साप पडला तेव्हा केंद्राने सांगितलं नि लोक धावले, ते चारजणांनी सांगितलं. प्र. खूश, पान भरत चाललंय.

एकाने माझ्याबद्दल सांगितलं. "एक मास्तर कवितेवर लय बोलाचा. त्यो लागला का आमी बैलांना पानी दावाला जाव." वै.ने तेही इमानेइतबारे लिहून आणलं, वर मला विचारते, "हे तुम्हीच ना गुरुजी?"

हसलो.

सुमनताई? पट्टीवर प्रत्येक ओळीत एकच: ठाव नाय. ठाव नाय. नाय आठवत. कोन सुमनताई? ठाव नाय.

सहा वर्षं. रोज.

३ डिसें.

जेवण गेलं नाही. बाहेर दोरीवर वाळत घातलेल्या बोंबलांकडे बघत बसलो. ती बोंबील खायची तेव्हा तोंडाने मुळीच आवाज करायची नाही. हे आठवतं. आवाज नसलेलं सगळं आठवतं.

एक ओळ सुचली: *शब्द निघाले, ठसे न उरले, किणकिण उरली मागे.* पुढची जमेना. 'जागे'शी यमक जुळतं, 'धागे'शीही. सोपी यमकं सुचायला लागली की समजावं दुःखाला अजून बसायला जागा मिळालेली नाही. मुलांना सांगायचो हे. खोडली.

८ डिसें.

प्र.ने पान ज्ञानकोशात चढवलं. मोबाइलवर दाखवलं. "पाडावाणी केंद्र". छान वाटलं. खाली उतरत गेलो. 'निवेदिका: सुमन' नि त्यापुढे कंसात, बारीक निळ्या अक्षरांत: संदर्भ हवा.

"हे काय?"

"सर, तिकडचे संपादक असतात. कुठे छापलेलं, लिहिलेलं दाखवा म्हणतात. नुसतं सांगून चालत नाही."

"मी सांगतोय ना. मी नवरा आहे तिचा."

"तेच चालत नाही, सर."

पंधरा दिवसांची मुदत. नाहीतर ती ओळ काढणार.

जन्मभर मुलांना प्रश्न घातला, संदर्भासह स्पष्टीकरण करा. ही ओळ कोणत्या कवितेतील, कोण कोणास म्हणाले. पाच गुण. आता बायकोपुढे तो प्रश्न आलाय नि मला एक गुण मिळवता येत नाही.

१३ डिसें.

वै.च्या गाडीने तळासरी. तिने तिकीट फाडलं, पैसे घेतले, मग हळूच म्हणाली, "खिडकीत बसा, गुरुजी."

केंद्राची खोली पाहिली. खताच्या गोणी रचल्यात. भिंतीला चिकटवलेले अंड्यांचे पुठ्ठे अजून आहेत, आवाज घुमू नये म्हणून सु.ने नि मी डिंकाने चिकटवले होते. खोलीत शिरून "मंडळी" म्हणून पाहिलं. गोणींनी गिळलं. बाहेर खांबावर वालाची वेल चढलीय.

पाड्यावर लहानीबाई म्हणून एक म्हातारी अंगणात वाल सोलत होती. बाजेवर बसवलं, पाणी दिलं. विचारलं, पाडावाणीच्या सुमनताई आठवतात का? मान हलवली. "असी कोन नवती."

घाम पुसायला रुमाल ओढला खिशातून. त्यात पाटली होती, हल्ली बरोबर बाळगतो. निसटली नि बाजेच्या पायावर पडली.

किण्.

लहानीबाईचे हात थांबले. वर बघितलं. "किनकिनबाय!"

पाटली उचलली.

"ती आमची किनकिनबाय ना? बोलताबोलता वाजाची तिची बांगडी. तिचा नाव कोनाला ठाव? किनकिनबायच बोलतो सगली." सोललेला वाल तसाच मुठीत. "एकेक दिस वाजाची नाय. तवा आमाला वाटाचा, आज बाय आली नाय, दुसरीच कोन बोलते. मंग आमी रेडिओ बंद करू."

मग म्हणाली, "तुमची कोन व्हती?"

पाटली पुढे केली. तिने हातात घेतली, वजन केल्यासारखी हलवली, परत दिली. दुसरा प्रश्न विचारला नाही.

१३ डिसें., पुढे

गाडीत वै.ला सांगितलं. तिने सबंध गाडीला ओरडून विचारलं, "ए, किणकिणबाई कोणाकोणाला आठवते?" आठ हात वर. एक माणूस उभाच राहिला. "लस कधी हाय ते तिनीच सांगलेला, माझी पोरगी वाचली." कोणी म्हणालं, ती कविता म्हणायची तेव्हा ताल बांगडीचा असायचा. ड्रायव्हरनेही हात वर केला तेव्हा वै. ओरडली, "तुम्ही दोन्ही हात चाकावर ठेवा!"

माझी चूक होती. नाव विचारत बसलो. नाव माझ्याकडे होतं, ती त्यांच्याकडे होती.

१४ डिसें.

काल आनंदात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली कसली, टाळली.

'एकेक दिवस वाजायची नाही.' ते दिवस मला माहीत आहेत. पाटली लग्नातली, हाडावरून निघायची नाही. ध्वनी शुद्ध हवा म्हणून मी सांगायचो, मनगटाला रुमाल बांध. ती एखाद्या दिवशी बांधायची, एरवी विसरायची. ज्या दिवशी विसरायची त्या दिवशी घरी येईपर्यंत मी गप्प. तिलाही कळायचं. चिखले गावाच्या वळणावर रिक्षात म्हणायची, "उद्या बांधीन हो."

रुमाल बांधला की लोक रेडिओ बंद करायचे.

इस्पितळात शेवटी पाटली साबण न लावताच निघाली. नर्सने सहज ओढली नि माझ्या हातात ठेवली.

१९ डिसें.

वै. घरी आली, धापा टाकत. आश्रमशाळेच्या शिपायाने खोली रिकामी करताना गोणींखालची वही तिच्या गाडीत आणून दिली. 'ध्वनिमुद्रण नोंदवही, पाडावाणी'. तारीख, कार्यक्रम, निवेदक, शेरा. हाताने लिहिलेली, केंद्राचा शिक्का मारलेली.

"घ्या तुमचा संदर्भ!" चहासुद्धा घेतला नाही, गाडीची वेळ झाली होती. जाताजाता म्हणाली, "मी उघडली नाही. पहिल्यांदा तुम्ही बघा."

उजेडात बसून उघडतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी

अक्षर नटुभाईचं, गुजराती वळणाचं, डोक्यावर रेघ नसलेलं. तारखा, कार्यक्रम. निवेदक: सुमनबेन. सुमनबेन. सुमनबेन. छातीशी धरावी वाटली वही.

मग शेऱ्याचा रकाना.

शेरे लाल शाईत. अक्षर माझं.

'बांगडी. रद्द.' 'बांगडी. रद्द.' 'साधा कार्यक्रम. रद्द.' 'उच्चार सैल, बांगडी. रद्द.' 'ठीक. पण रद्द.' आणि त्याच पानावर, 'काव्यास्वाद, भाग ३. उत्तम. जतन.'

आठवलं. विसरलो होतो असंही नाही; कधी लक्षच दिलं नव्हतं. दर शनिवारी वह्या तपासाव्यात तशी नोंदवही पुढे ओढायचो. जागा कमी, काय ठेवायचं काय पुसायचं हे कार्यक्रमप्रमुखाने ठरवायचं. मी ठरवायचो. दोन मिनिटांत. ती शेजारी डबा भरत असायची.

लाल शेऱ्यापुढे प्रत्येक ओळीत नटुभाईची पेन्सिलीची बरोबरची खूण. सांगितलं ते केलं, अशी.

शेवटच्या दिवाळीआधीच्या एका ओळीपुढे खूण नाही. 'सुमनबेन, कविता. बांगडी. रद्द.' खूण करायची राहिली असेल.

त्या मांडवात तो हे एका वाक्यात सांगू शकला असता. सगळ्या गावासमोर.

२० डिसें.

वै.चा फोन. "सापडलं का हो सुमनताईंचं नाव?"

मी म्हणालो, वाळवी लागलीय. वाचता येत नाही.

इतक्या वर्षांत शाळेत कोणी खोटं बोललं तर मला आवाजावरून कळायचं. तिलाही कळलं असावं. "बरं," एवढंच म्हणाली.

२१ डिसें.

पानं फाडता येतील. फक्त निवेदकाचा रकाना राहील असा फोटो काढता येईल. शेऱ्यावर बोट ठेवून. प्र. काही विचारणार नाही, सातवीपासून मला काही विचारत नाही.

पण 'किणकिणबाई' हे पानात यायला हवं. तिचं खरं नाव तेच. नि त्याला संदर्भ काय? जगात कुठे लिहून ठेवलंय की सुमनच्या निवेदनात बांगडी वाजत होती?

माझ्या लाल शेऱ्यात. पानोपानी. तारीखवार.

दुसरा पुरावा नाही.

२२ डिसें.

घोलवडला गेलो. आधी नटुभाईला भेटायचं, मग वही द्यायची, असं ठरवलं होतं. त्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली. तिथली बाई म्हणाली, काका वापीला मुलीकडे राहतात, दोन वर्षं झाली. फोन? "फोन काय कामाचा, ऐकू कुठे येतं त्यांना. पूर्ण गेले कान."

नटुभाईचे कान. दोन गावांपलीकडून लोक फोनवर रेडिओचा खरखराट ऐकवायचे, नि तो तारेचं कुठलं टोक सुटलंय ते ओळखायचा.

घरी परतल्यावर फाटकापाशी उभा राहून त्याच्या हातातल्या त्या एका चपलेचा आवाज आठवत होतो. आवाज नव्हताच.

२३ डिसें. मुदतीचा दिवस

दुकानात वही प्र.पुढे ठेवली. वै. पण होती, मुद्दाम बोलावलं. म्हटलं, सगळी पानं, सगळे रकाने. काही झाकायचं नाही.

प्र. पानं उलटत गेला. मग वर न बघता, "सर, लाल अक्षर..."

"माझंच. तुझ्या वहीतही असेल."

वै.ने वही आपल्याकडे फिरवून दोन पानं वाचली. मग, "आणि तुम्ही त्या यंत्रवाल्या काकांना मांडवात बोललात."

हे तिला मी कधी सांगितलं नव्हतं. गाडीतच कोणीतरी सांगितलं असणार. सगळे तिच्याच गाडीत चढतात.

"बोललो."

"मग तेही लिहा ना."

प्र. म्हणाला तसं ज्ञानकोशात लिहीत नाहीत, व्यक्तिगत होतं. तेवढं मी जाहिरातीच्या खाली, स्वयंसेवकांसाठी प्र.ने इंटरनेटवर केलेल्या आमच्या वेगळ्या पानावर लिहायचं ठरलं. मी सांगितलं, त्याने टंकलं:

"सुमन यांच्या बांगडीच्या आवाजावरून श्रोते त्यांना किणकिणबाई म्हणत. याच कारणासाठी कार्यक्रमप्रमुख या नात्याने मी त्यांची ध्वनिमुद्रणे रद्द केली. तंत्रज्ञ नटुभाई यांनी माझ्या लेखी आदेशाचे पालन केले. त्यांचा दोष नाही. मी त्यांना चारचौघांत दोष दिला. तो माझा होता."

"सर, 'माझा होता' की 'माझा आहे'?"

चाळीस वर्षांनी विद्यार्थ्याने काळ दुरुस्त केला. 'आहे' कर म्हटलं.

२९ डिसें.

'संदर्भ हवा'चा कंस गेला. 'निवेदिका: सुमन (किणकिणबाई)'. संदर्भ क्रमांक एक: नोंदवही. मुख्य पानावर कायम राहील म्हणे.

वै.ने गाडीत दोन्ही पानं वाचून दाखवली. म्हणते, लोकांनी टाळ्या वाजवल्या, नि मग एकाने विचारलं, "ते मास्तर अजून हाय का?" तिने सांगितलं, आहेत. तो म्हणाला, "मंग बायचा आवाज का पुसला?" ती म्हणाली, "त्यांनाच विचारा. ते पण माझ्याच गाडीत बसतात."

पाच नवे स्वयंसेवक. सगळ्यांनी पेट्या, जुने मोबाइल उघडले. आवाज कोणाकडे नाही.

१० जानेवारी

दुपारी एक. रोज एकला घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलंय, रोज बघतो.

जेवलात का, असं ती सगळ्या तालुक्याला विचारायची. घरी मला कधी विचारायची नाही. वाढायची.

तिचा आवाज आता येणारच नाही हे हळूहळू पटवतोय. वर्गात एखादं मूल शाळा सोडून जायचं, त्याचं नाव हजेरीत आणखी काही दिवस तोंडात यायचं, नि मग यायचं बंद व्हायचं. तसं.

१९ जाने.

कागद नि पेन घ्यायला आत आलोय. वहीतल्या पेन्सिलीने दोन ओळी आधी इथे.

साडेदहाला दार वाजलं. वै. नवी पट्टी घेऊन आली असेल म्हणून तसाच उघडायला गेलो, बनियनवर. नटुभाई. खूप वाळलाय. कानात यंत्र, हातात निळी प्लास्टिकची पिशवी, गाठ मारलेली. वापीहून एकटा आला, गाडी बदलून.

"मास्तर. ओळखला ने?"

मी "या" म्हणालो. "बसा" म्हणालो. मग जे म्हणायचं होतं ते म्हणालो, पाच वर्षांचं, सगळं. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो आवाज काढून म्हणालो. शेजारचे खिडकीत आले.

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग कानाला हात लावून म्हणाला, "काय नाय लागत आता. मशीन घातला तरी नुसता खरखर." नि स्वतःच हसला. "नातीनी वाचला मला, तुमचा तो पान. इतक्या मोठ्यानी वाचावा लागला, पूरी बिल्डिंगनी ऐकला, मी सोडून. मग मोबाइलवर मोठे अक्षर करून दाखवला."

पिशवी पुढे केली. आत सीडी. चंदेरी बाजूवर भुरे डाग पडलेत. वर त्याच्या अक्षरात तारीख, दिवाळीआधीची. खूण नसलेली ती ओळ.

"हे एक तुमचा सांगितलेला काम नाय केला मी. बेन छान बोलली होती त्या दिवशी. तेराव्याला देणार होतो, खिशातच होती. मग तुम्ही..." कानातलं यंत्र नीट केलं. "वाजते का नाय ठाव नाय. मला तर कळत नाय आता. तुम्ही ऐका. बांगडी हाय का नाय, तेवढा मला सांगा."

आत ये म्हणून खूण केली. आला नाही. उंबऱ्याबाहेर उभा आहे, पायांत दोन्ही चपला. काढायच्या की नाही, ते मी काय म्हणतो त्यावर आहे, नि मी म्हटलेलं त्याला ऐकू येत नाही.

लिहूनच द्यायला हवं. मोठ्या अक्षरात, फळ्यावर लिहायचो तसं. कागद मिळाला. टेबलाच्या खणात हाताला लागलं ते पेन उघडून पाहिलं.

लालच निघालं.